लोळतं टोक

मामाच्या स्टुडिओत पॅचबे नावाची एक फळी आहे, नुसती भोकंच भोकं. कुठल्या माइकचा आवाज कुठे जायचा, ते त्यात वायरी खुपसून ठरवायचं. ऑडिशनचं गाणं आज संध्याकाळपर्यंत पाठवायचं होतं, म्हणून वायरी मीच खुपसल्या, एकदम रुबाबात.

गायला लागले, तर हेडफोनमध्ये माझ्यामागून आणखी एक बाई गात होती.

"एक वायर जास्त लावलीस," मामा काचेपलीकडून म्हणाला. "आणि तिचं दुसरं टोक जमिनीवर लोळतंय."

"मग काढ ना."

"वेडी का काय, सोबिन? रेकॉर्डिंगला भूत आलं की गाणं हिट होतं, अख्ख्या सोल शहराला माहीत आहे." मग त्याने त्या लोळत्या टोकाला चक्क कमरेत वाकून नमस्कार केला. "ताई, जरा खालच्या पट्टीत घेता का? पोरगी नवीन आहे."

ताईंनी घेतलं.

मग तो उंच सूर आला, जो मला आजवर एकदाही लागला नव्हता. आज लागला. हुबेहूब माझ्या आवाजात.

"वा, सोबिन," मामा आवाजाची पातळी दाखवणाऱ्या काट्यांवरची नजर न काढता म्हणाला, "अशीच गात राहा."

मी तर मघापासून दोन्ही हातांनी तोंड दाबून हसत होते.