त्रिकोणावरची काट

"ह्या त्रिकोणावर काट राहिलीये," सुकेशनी मॅडम म्हणाल्या आणि वंशावळीच्या कागदावर त्यांनी पेन्सिलीचं टोक ठेवलं.

रत्नमालानं मान हलवली. राहिलीये हे तिला ठाऊक होतं. पुरुष म्हणजे त्रिकोण, बाई म्हणजे वर्तुळ आणि मेलेल्या माणसावर तिरकी रेघ. मानवशास्त्राची ही बाराखडी विभागात पहिल्याच वर्षी गिरवून घेतात. कागदावर सात पिढ्या होत्या, एकशे बारा माणसं. नाव कुणालाच नव्हतं, नुसते आकडे. कुणी कुणाला ओळखू नये म्हणून तसा नियमच आहे. मधला त्रिकोण काळा भरलेला होता, कारण सगळी नाती त्याच्यापासून धरलेली होती. माहितीदार क्रमांक एक.

शिष्यवृत्तीच्या अर्जाची आज शेवटची तारीख होती. त्यावर मार्गदर्शक म्हणून मॅडमची सही झाली नाही, तर पोरगी उद्या सोयगावच्या एसटीत बसणार आणि परवापासून मेंढरांमागं फिरणार, एवढं साधं गणित होतं. अर्जात 'उद्दिष्ट' असा एक रकाना असतो. गेल्या वर्षी तिनं त्यात मावेना इतकं लिहिलं होतं. पीएच.डी. करायची, आपल्या माणसांवर बाहेरचे येऊन लिहितात ते आता आपणच लिहायचं, आणि असं बरंच काही. यंदा तिनं लिहिलं होतं, 'वरीलप्रमाणे'. वर तर नुसता जन्मतारखेचा रकाना होता.

मॅडमचं तिकडं लक्ष नव्हतं. त्या वही चाळत होत्या. रत्नमाला दोन आठवडे गावी होती, रजेच्या अर्जावर कारण 'क्षेत्रकार्य' असं दिलेलं, आणि येताना एका मयतीवर अठरा पानं लिहून घेऊन आली होती. खांदा कुणी दिला, मडकं कुणी धरलं, डोकी कुणाकुणाची भादरली, चूल कुणाच्या घरची पेटली. दहाव्याला पिंडाला कावळा शिवायला किती वेळ लागला, तोही घड्याळ लावून. सतरा मिनिटं.

"आजवरचं तुझं सगळ्यात चांगलं काम आहे हे," मॅडम म्हणाल्या. एक शब्द जास्तीचा नाही, असंही म्हणाल्या.

ऐकून बरं वाटायला हवं होतं. तिला काहीच वाटलं नाही. मयतीच्या दिवसापासूनच काही वाटत नव्हतं, आणि याचीच तिला आतून भीती बसली होती. गावातल्या बायांनी तिला धरून गदागदा हलवलं, रड बाई, मोकळी हो म्हणाल्या, तर ही त्यांचे शब्द वहीत उतरवत बसली. आईनं तिला एका शब्दानं टोकलं नाही. वही भिजू नये म्हणून तिनं पाण्याचा तांब्या तेवढा बाजूला सरकवला.

"पण वही म्हणतीये हा गेला, आणि कागद म्हणतोय आहे," मॅडम म्हणाल्या. "दोन्ही जुळायला नकोत का?"

हा कागद हिवाळ्यात काढला होता, मेंढरं बसवली होती त्या रानात. रेघा कशाच्या, असं माहितीदार क्रमांक एकनं विचारलं, तिनं सांगितलं, आणि तो घोंगडीवर पडून हसत सुटला. "मेलं म्हणून माणूस नात्यातनं कमी व्हतं व्हय?" तो म्हणाला. "मेंढराला बी आमी त्याच्या मेल्या आईवरनंच वळखतो." मग आपल्या म्होरक्या मेंढीसाठी एक वर्तुळ काढ म्हणून त्यानं हट्ट धरला. तसं चालत नाही म्हटल्यावर, तुझं शास्त्र लई कडक हाये, म्हणाला.

"दुरुस्त करते," रत्नमाला म्हणाली.

मॅडमनी पान उलटलं आणि पुटपुटत वाचलं, "'कावळा शिवेना. तेव्हा मुलाने हात जोडून, धाकट्या बहिणीचे शिक्षण थांबवणार नाही, असा शब्द दिला. त्यानंतर कावळा शिवला.'"

त्या थांबल्या. पेन्सिलीचं टोक काळ्या त्रिकोणावरून खाली उतरलं. तीन लेकरं होती. एक त्रिकोण, एक वर्तुळ, पुन्हा एक वर्तुळ. शेवटच्या वर्तुळाशेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं: एम.ए., मानवशास्त्र. सुरू.

असे कागद वाचण्यात मॅडमची वीस वर्षं गेली होती. त्यांना आणखी काही विचारावं लागलं नाही. त्यांनी नुसतं तिचं नाव घेतलं.

"पट्टी आहे का, मॅडम?" रत्नमालानं विचारलं. "हातानं काढली तर रेघ वाकडी येईल."

"पट्टी नाहीये," मॅडम म्हणाल्या. त्यांनी कागदाची घडी घालून तो वहीत ठेवला, अर्ज पुढं ओढला आणि सही केली.

टेबलावरच्या पेनांच्या डब्यात फूटभर पट्टी उभी होती, दोघींच्या मधोमध. रत्नमाला तिच्याकडं बघत राहिली.

"बरं," ती म्हणाली.