ज्याच्या खाली कोणी राहत नाही असं घर

“तुम्हाला मुलं आहेत का?” व्हिडिओ कॉलवरच्या वीत्सेने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा सुनेत्राने लॅपटॉप म्यूट केला.

“बघितलंस? परत तेच,” ती शंतनूला म्हणाली. “ईमेलमध्ये विचारलं, फॉर्मवर विचारलं, आता तोंडावर विचारतोय.”

“अगं, मग सांगून टाक ना, दोन आहेत म्हणून.”

“मागे सांगितलं होतं. काय झालं, आठवतंय?”

शंतनूला आठवत होतं. इथे अमेरिकेत, जर्सी सिटीत स्टेशनजवळचा फ्लॅट जवळजवळ ठरला होता. मुलांचं नाव निघालं आणि तो फ्लॅट म्हणे सकाळीच गेला. जाहिरात मात्र पुढे महिनाभर तशीच होती. मग हा अकराव्या मजल्यावरचा मिळाला. वीर जरा पळाला, की खालचा माणूस बिल्डिंगच्या ऑफिसात तक्रार करायचा. तीन वेळा ताकीद आली होती. सहा वर्षांचा वीर आता स्वतःच्याच घरात चवड्यांवर चालायचा. ते बघितलं की सुनेत्राचं डोकं फिरायचं.

जानेवारीत शंतनूची नोकरी गेली. व्हिसाची मुदत संपत आली होती. तेवढ्यात एका डच कंपनीने त्याला घेतलं. आठवड्यातून एकदा ऑफिसला जायचं, बाकी घरून काम. तिथे शहरात घर मिळेना, म्हणून सुनेत्राने नेदरलँड्सच्या नकाशावर बोट वर वर नेत एक खेडं शोधलं. एक चर्च, एक कालवा, चारपाचशे माणसं. लाल विटांचं बसकं घर, मागे सफरचंदाची झाडं. होक्स्ट्रा नावाच्या ऐंशी वर्षांच्या बाई ते विकून मुलीकडे राहायला चालल्या होत्या. सुनेत्राने बाकी काही बघितलंच नाही. ज्याच्या खाली कोणी राहत नाही असं घर तिला हवं होतं.

वीत्से हा बाईंचा एजंट. ऑफर बंद पाकिटात घ्यायच्या, आणि कोणाची घ्यायची ते बाई ठरवणार, एवढं त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

सुनेत्राने आवाज चालू केला. मुलं आतल्या खोलीत होती, दार लावलेलं होतं.

“आम्ही दोघंच आहोत,” ती म्हणाली. “मुलं नाहीत. अगदी शांत माणसं आहोत आम्ही.”

शंतनूने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

“अच्छा,” वीत्से म्हणाला. “मी विचारतोय, कारण बाईंना—”

“कारण मला चांगलं माहीत आहे,” सुनेत्राने त्याला तोडलं. “पुढे बोला.”

पुढे त्याच्याकडे फारसं बोलण्यासारखं नव्हतं. कॉल संपला.

“काय केलंस हे?” शंतनू म्हणाला. “तिथे पोचल्यावर मुलांना काय बॅगेत लपवायचं?”

“घर एकदा नावावर होऊ दे. मग कोण काय वाकडं करतंय, बघते.”

“खोटं बोललीस यार.”

“खरं बोलून काय मिळालं आत्तापर्यंत?”

आतलं दार उघडलं होतं. नऊ वर्षांची अनिका तिथे उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“मम्मा, आर वी अ सीक्रेट?”

“तुमच्यासाठीच चाललंय ना हे, बाळा,” असं काहीतरी सुनेत्रा म्हणाली. अनिका परत आत गेली. सुनेत्राला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पोटच्या पोरीसमोर हे म्हणायची वेळ आणली त्या माणसाने! भांडी घासताना ती वीत्सेला मनातल्या मनात लाखोली वाहत होती.

चार दिवसांनी, शुक्रवारी सकाळी ईमेल आला. दोनच ओळी. होक्स्ट्राबाईंनी दुसऱ्या कुटुंबाची ऑफर स्वीकारली आहे. आपल्या शोधासाठी शुभेच्छा.

“शुभेच्छा गेल्या खड्ड्यात!” सुनेत्राने फोन उचलला.

“जाऊ दे ना, दुसरं बघू,” शंतनू म्हणाला.

“नाही जाऊ देणार. दर वेळी तू जाऊ दे म्हणतोस, म्हणून हे दिवस आलेत.” तिने फोन स्पीकरवर टाकला.

वीत्सेने लगेच उचलला.

“आमची ऑफर कमी होती का?” तिने नमस्कार-चमत्कारही केला नाही.

“नाही. सगळ्यात मोठी तुमचीच होती.”

सुनेत्राने शंतनूकडे पाहिलं. तिचे डोळे पेटले होते.

“मग खरं कारण सांगा. आमचं नाव? आमचा रंग? मी हे सोडणार नाही. कुठे तक्रार करायची, ते शोधून काढीन मी.”

“मॅडम, बाईंना तुम्ही आवडला होतात. त्या दिवशी मी तेच सांगत होतो. तुम्ही बोलू दिलं नाहीत.” त्याच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळे ती आणखीच भडकली.

“मग आता सांगा!”

“गावातली शाळा बंद पडायला आलीय. मुलंच उरली नाहीत. त्या शाळेत बाईंनी तीस वर्षं शिकवलंय. पैसे कमी आले तरी चालतील, पण घर मुलं असलेल्यांनाच द्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. शेवटी एका मुलीचे आईवडील मिळाले, त्यांना दिलं. पण शाळा काही वाचणार नाही आता.”

“का?” शंतनूने विचारलं.

“एकाने भागत नाही,” वीत्से म्हणाला. “दोन हवी होती.”