गॅलरीतला दिवा

गॅलरीत सुधाताईंचं पाऊल पडलं की दिवा आपोआप लागायचा. त्यांचे यजमान वामनराव तिथे पाऊल टाकायचे, तेव्हा मात्र अंधार. तीन दिवस हेच चाललं होतं.

"बिघाड आहे, दुसरं काय!" वामनराव आतून खोकत म्हणाले.

दुरुस्तीला आलेल्या पाटोळेनं सेन्सर बदलला, वायरिंग तपासलं. सगळं ठीक होतं. मग त्यानं टॅबवर घरातल्या माणसांची खोलीवार यादी उघडली आणि सुधाताईंना बाजूला बोलावलं.

"काकू, फरशीखालची यंत्रणा प्रत्येकाची चाल, श्वास, छातीचे ठोके मोजत असते. येत्या महिनाभरात कोण कुठल्या खोलीत जाणार, ते ती आधीच ठरवते. जिथे जाणार नाही, तिथला दिवा त्याच्यापुरता बंद करते. कंपनी याला वीजबचत म्हणते. काकांचं नाव आता फक्त झोपायच्या खोलीत उरलंय."

"आणि त्याच्या पुढच्या महिन्यात?"

पाटोळेनं टॅब पिशवीत ठेवला.

सुधाताईंनी गॅलरीच्या दाराचा पडदा सारून मागची भिंत चाचपली. मग म्हणाल्या, "जुन्या पद्धतीचं बटण मिळतं का हो अजून? इथे, दाराच्या पडद्यामागे बसवा. यांना सांगू नका."

संध्याकाळी वामनराव भिंतीला धरत धरत कढीपत्त्याला पाणी घालायला निघाले. त्यांनी गॅलरीत पाऊल टाकलं आणि सुधाताईंनी पडद्याआडून बटण दाबलं. दिवा लागला. वामनरावांनी सवयीनं त्याला हात जोडले आणि खुशीत मागे वळून म्हणाले,

"बघ, मी म्हणत नव्हतो? बिघाड यंत्रातच होता."