उलटं ठेवलेलं फनेल

रिलीव्हर आलाच नाही, म्हणून रात्रपाळी संपवून मी सकाळचीही शिफ्ट ओढत होतो. पावणे एमआयडीसीतली आमची लॅब छोटी. घरी फोन नव्हता, त्यामुळे बायकोला कळवताही आलं नव्हतं.

शेवटचं सॅम्पल गाळून झाल्यावर मी काचेचं फनेल धुतलं आणि निथळायला कागदावर उलटं ठेवलं. आतून फडकं फिरवायचं नाही, काचेवर ओरखडे पडतात.

जरा वेळाने काच आतून धुरकटली. मग स्वच्छ झाली. पुन्हा धुरकटली.

"गरम पाण्याने धुतलंस ना, प्रसाद?" आमच्या लॅब इन्चार्ज नंदिनी मॅडमनी विचारलं.

"नाही, गारच होतं."

"मग झोप आलीय तुला." त्या प्लांटकडे निघून गेल्या.

मी फनेल उचलून पाहिलं. कागदावर फक्त ओलं गोल कडं होतं. परत ठेवलं. काच पुन्हा धुरकटायला लागली, दमलेल्या माणसासारखी, संथ. मग लक्षात आलं, मी श्वास सोडतो तेव्हाच ती धुरकटते.

खात्री करायला मी श्वास भरून घेतला आणि नाक-तोंड हाताने घट्ट दाबून धरलं.

काच हळूहळू धुरकटत गेली, आणि माझी छाती रिकामी झाली.