आठ वाट्या

शेवटचा घाणा कढईतून काढून इमासने परात झाकली. कोबी, गाजर, मुगाचे लांब मोड. भज्यांच्या कडा अगदी जाळीदार. तिच्या माहेरी, बांडुंगला, यांना बाला-बाला म्हणत. पण सासूबाईंनी बाहेर जाताना ‘बकवान कर’ असं बजावलं होतं, आणि माहेराबाहेर या भज्यांना बकवान म्हणतात एवढं तिला ठाऊक होतं. लग्न होऊन ती मलांगला आल्याला नऊच दिवस झाले होते. आज गल्लीतल्या बायकांची बैठक घरी होती आणि पाहुण्यांचं खाणं पहिल्यांदाच तिच्या हाती सोपवलं होतं.

सासूबाई, बू कातमिनी (‘बू’ म्हणजे बाई), शेजारून आठ खोल वाट्या मागून घेऊनच आल्या.

“रस्सा उकळला का गं?”

“कसला रस्सा, आई?”

“अगं, बकवानचा!”

इमासने परातीवरचं झाकण काढलं. बू कातमिनी बघतच राहिल्या.

“ही तर वेची! भाज्यांच्या भज्यांना आम्ही वेची म्हणतो. बकवान म्हणजे मांसाचे गोळे, गरम रस्सा, वर तळलेला कांदा. मलांगातल्या शेंबड्या पोरालाही कळतं हे.”

तेवढ्यात दारात चपला वाजल्या.

बायका चटईवर बसल्या. वाट्या मांडून झाल्या होत्या. त्या आता उचलणार कशा?

“वाट्यांतून काय चहा पाजणार का आज?” बू रुक्मी म्हणाली. मग तिने एक भजं उचललं. “आपल्यासारखी डावात पीठ ओतून नाही तळलेली वाटतं. कडा बघा किती झिपऱ्या!” म्हणता म्हणता तिने दुसरं घेतलं.

“सुनेला बकवान सांगितलं होतं,” बू कातमिनी म्हणाल्या, “तिने हे केलं.”

इमासचे कान तापले.

कोपऱ्यात टेकून बसलेल्या ल्येन आजींनी हात वर केला. त्यांचे आजोबा चीनहून गलबतातून आले होते आणि याच गल्लीत कावडीवर खाणं विकत.

“शब्द आमचा आहे,” त्या म्हणाल्या. “बाक म्हणजे मांस, वान म्हणजे गोळा.”

“ऐकलंस?” बू कातमिनी सुनेकडे वळल्या.

“पण आजोबांचा गोळा डुकराचा असायचा, कातमिनी. तुझ्या रश्शात तसलाच असतो का?”

“अल्ला! तोबा, तोबा!” बू कातमिनींनी कानांना हात लावले. बू रुक्मीला हसता हसता ठसका लागला. तिच्या पाठीवर थापा मारता मारता बू कातमिनीही हसू लागल्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग पदराने डोळे पुसून त्या उठल्या. एकेका वाटीत त्यांनी मूठ मूठ हिरव्या मिरच्या टाकल्या आणि वाट्या बायकांच्या पुढे सरकवल्या.

“पीठ उरलंय का गं?”

“उरलंय, आई.”

“मग काढ बकवानचा अजून एक घाणा. आणि कडा अशाच झिपऱ्या राहू देत.”