न भरलेली ओटी

"हंगामभर 'काकी, काकी' करत जीभ झिजवली मेल्याने, आणि आज बघा कसा तोंड फिरवून उभा आहे!" कारखानदाराकडे बघत शेवंतीकाकी धुसफुसली.

काजूचा गर अख्खा निघाला तर हंगाम संपताना वर बोनस देईन, असा शब्द कारखानदार गजाशेठने भर अंगणात दिला होता. टरफलाच्या चिकाने बोटं सोलली, तरी कामावरच्या बायकांनी गर तुटू दिला नाही. आज मात्र बोनसचं नावच नाही. शेठची बायको नारळ, तांदूळ, खण घेऊन एकेकीची ओटी भरत निघाली होती. ओटीत नारळ पडल्यावर कुठली सवाष्ण भांडायला उठणार?

विधवा काकीला वगळून तबक पुढे गेलं. नवरा गेल्यापासून मागे बसायची तिला सवय होती. पण आज पदर पसरून बसलेल्या सुनेनेही नजर चुकवली.

"आये, गप बसा ना. ओटी घेतल्यावर मागायचं कुठल्या तोंडाने?" सून कुजबुजली. बाकीच्यांनी माना खाली घातल्या.

काकीने प्रत्येकीकडे एकदा पाहिलं. एकही उठली नाही. मग तिने पदर कमरेला खोचला आणि एकटीच शेठपुढे जाऊन उभी राहिली.

"माझी ओटी भरली नाहीत ते बरं केलंत, शेठ. निदान एक तोंड उघडं राहिलं. ओटीच्या आडून कष्टाची मजुरी खातो, तो शेठ नव्हे, चोर!"