विळीची धार

वैष्णवी विळीला धार लावायची आणि दोन-तीन दिवसांत विळी पुन्हा बोथट व्हायची. तिनं कानस वापरून पाहिली, येडशीच्या बाजारातून धारेचा दगड आणला, शेवटी धाराशिवला जाऊन मशीनवर धार काढून आणली. तरी तेच. नेमकं काय चुकतंय, तिला कळेना.

एका सकाळी सासूबाई, मथुराबाई, विळीचं पातं पायरीच्या दगडावर घासताना दिसल्या.

"आत्या, अशानं धार जाती की!"

"जाऊ दे. मला आता दिसंना गं. बोथट असली की बोट कापत न्हाय." मथुराबाई खाली मान घालून म्हणाल्या, "आधी सांगितलं असतं, तर भाजी चिरू दिली असतीस का?"

वैष्णवीनं वांग्यांचं ताट त्यांच्या हाताला लागेल असं पुढं सरकवलं.